शेपूट गल्लीतला चोरलेला आवाज

१

आमच्या शहरात चोऱ्या होतात त्या बहुतकरून बॅगांच्या. शहरच विमानतळाभोवती वसवलेलं, त्यामुळे येणाराजाणारा प्रत्येक जण बॅग घेऊनच असतो आणि चोरालाही दुसरं काही सुचत नाही. पण त्या सोमवारी मी महापालिकेच्या मोठ्या साहेबांसमोर बसले होते ती एका निराळ्याच चोरीपायी.

मी कान तपासते. शाळांतून फिरते, मुलांच्या डोक्यावर हेडफोन चढवते आणि बारीक आवाज ऐकू आला की बोट वर करा म्हणते. सगळे मला ‘कानवाल्या ताई’ म्हणतात. नकाशात आमचा विमानतळ एखाद्या माशासारखा दिसतो. त्याच्या शेपटीला, धावपट्टी संपते तिथे, एक गल्ली आहे. तिला लोक शेपूट गल्ली म्हणतात. तिथल्या शाळेत यंदा तपासणी करताना माझा हात मध्येच थांबला. गेल्या वर्षी पहिल्याच आवाजाला बोट वर करणारी मुलं आता शेजाऱ्याचं बोट बघून आपलं वर करत होती.

"साहेब, गल्लीतला आवाज वाढलाय," मी म्हणाले.

साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्या शाळेच्या गच्चीवर महापालिकेचं आवाज मोजायचं यंत्र आहे. त्याची रेघ गेले काही महिने उताराला लागली होती.

"यंत्र म्हणतंय, कमी झालाय."

"मुलांच्या कानांना खोटं बोलून काय मिळणार?"

"आणि यंत्राला तरी काय मिळणार?" साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शुक्रवारी सुनावणी आहे, ताई. मालवाहू विमानांच्या एका मोठ्या कंपनीला पहाटेच्या फेऱ्या वाढवून हव्यात. रेघ मर्यादेखाली असेल तर परवानगी द्यायची. वर असेल तर वाढ राहिली बाजूलाच, आहे ते पहाटेचं विमानसुद्धा गल्लीवरून उतरवायचं नाही."

"मग?"

"मग कंपनी दुसऱ्या शहरात जाईल. हे गाव आपण विमानांसाठी बांधलं. उद्या विमानांनी पाठ फिरवली तर आपण करायचं काय? इथे कोणाला शेती येत नाही, इथे खाण नाही, बंदर नाही. जे आहे ते सगळं वरून येतं."

"आणि विमानं राहिली, पण त्यांच्याखाली राहायला कोणी उरलं नाही तर?"

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. माणूस वाईट नव्हता, दोन्हीकडून भाजून निघालेला होता.

"यंत्रात बिघाड नाही, दोनदा बघून झालं," ते म्हणाले. "म्हणजे कोणीतरी गडबड करतंय. ते तुम्हीच शोधा. पोलिसांत जाऊन आवाज चोरीला गेला म्हणून सांगितलं, तर ते मलाच आत बसवतील."

२

मी यंत्राची देखभाल करणाऱ्या पोराला घेऊन गच्चीवर गेले. पोरगं म्हणजे तिशीतला बाप्या, पण सतत मोबाईलमध्ये तोंड घातलेलं. गच्चीच्या दाराच्या किल्ल्या तिघांकडे असतात: एक या यंत्रवाल्याकडे, एक विमानतळाच्या अधिकाऱ्याकडे आणि एक शाळेत. शेजारच्या लॉजची गच्ची मात्र शाळेच्या गच्चीला चिकटून. मधला कठडा कंबरेइतकाही नाही.

लोखंडी खांबाच्या टोकाला नारळाएवढा काळा फोमचा गोळा होता. आत मायक्रोफोन. पक्ष्यांनी बसू नये म्हणून गोळ्याभोवती तारांचे काटे. एका काट्याला निळ्या लोकरीचा धागा अडकला होता. मी तो हलकेच सोडवून रुमालात ठेवला.

"पक्ष्याने आणला असेल," यंत्रवाला वर न बघता म्हणाला.

"पक्षी विणकाम करतात का रे? दिवसभराची रेघ तासातासाने फोडून दाखव मला."

त्याने कंटाळत दाखवली आणि मग त्याचाही मोबाईल खिशात गेला. सकाळपासून रात्रीपर्यंत रेघ होती तशी होती. विमान आलं की उंच सुळका, गेलं की उतार. फक्त पहाटेचा एक सुळका, मालवाहू विमानाचा, बसक्या टेकाडासारखा दिसत होता.

"एकाच विमानाने एवढा फरक पडतो?"

"पडणारच की. पहाटे लोक झोपेत असतात म्हणून तो आवाज हिशेबात दहापट धरायचा, असा नियम आहे. पहाट दाबली की सगळी सरासरी खाली येते."

म्हणजे कोणीतरी रोज पहाटे या गोळ्यावर काहीतरी जाड घालत होतं आणि विमान गेलं की काढून घेत होतं. इतक्या वर्षांत मी असा चोर पाहिला नव्हता. हा चोरी करून रोजच्या रोज माल जागेवर आणून ठेवत होता.

"अजून एक आहे, ताई." यंत्रवाल्याने घसा खाकरला. "मोठा आवाज आला की हे यंत्र त्याच्या मागचेपुढचे काही क्षण साठवून ठेवतं. ट्रक होता की विमान, ते आम्हाला कळावं म्हणून. पहाटेचं कधी कोणी ऐकलं नाही. कशाला ऐकेल?"

त्याने ऐकवलं. आधी पुटपुटल्यासारखा माणसाचा आवाज, गोधडीखालून यावा तसा. मग तो थांबला. दबलेली घरघर वाढत गेली, डोक्यावरून गेली, विरली. आणि पुटपुटणं पुन्हा सुरू झालं.

बाई की पुरुष, तेही कळत नव्हतं. पण रोज पहाटे गच्चीवर उभं राहून कोणीतरी बोलत होतं.

३

पहिला संशय अर्थातच विमानतळाच्या अधिकाऱ्यावर. हा उन्हाळ्यातही टाय सोडत नाही म्हणून गल्लीत त्याला टायवाला म्हणतात. परवानगी मिळाली तर सगळ्यात जास्त फायदा त्याचाच. मी त्याला शाळेच्या फाटकाशीच गाठलं. आमचं बोलणं चालू असताना एक विमान उतरायला आलं. टायवाला थांबला नाही. गळ्याच्या शिरा फुगवून ओरडत राहिला, आणि मला त्याच्या हलणाऱ्या मिशांखेरीज काही कळलं नाही.

"...म्हणून आमचा काही संबंध नाही!" आवाज ओसरल्यावर एवढं ऐकू आलं.

"किल्ली तुमच्याकडे आहे."

"आहे ना. आणि मला रेघ खालीच हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण मी राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज पहाटे येऊन गच्ची चढायची तर माझी बायको आधी मलाच घराबाहेर काढेल." तो हसला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण याच्या मनात काही असेल असं वाटत नव्हतं.

तिथून मी शेजारच्या लॉजमध्ये गेले. लॉज चालवते ती सगळ्या गल्लीची मावशी. विमानाचे कर्मचारी दोन फेऱ्यांच्या मध्ये तिच्याकडे येऊन झोपतात. मावशी काउंटरमागे बसली होती आणि तिच्या हातात सुया होत्या. मांडीवर निळ्या लोकरीचा गुंडा.

मी रुमालातला धागा काढून गुंड्याशेजारी ठेवला. रंग तोच, पीळ तोच.

"माझीच लोकर आहे," मावशी शांतपणे म्हणाली. "या गल्लीत माझी टोपी घातली नाही असं डोकं दाखव. तुझ्या धाकट्यालाही दिली होती, निघाला तेव्हा."

माझा धाकटा भाऊ याच धावपट्टीवरून गेला. आमच्या शहरात प्रत्येक घरातलं एक तरी माणूस असं गेलेलं आहे. इथली शाळा चांगली, भाषा चांगल्या शिकवतात, गणवेश टापटीप, आणि सगळं शिकून पोरं करतात काय, तर फाटकातून आत जाऊन हात हलवतात. पाठवणं या शहराला छान जमतं. ठेवून घेणं कोणी शिकवलंच नाही. भावाचा फोन येतो, त्याच्याकडे रात्र असते तेव्हा माझ्याकडे दुपार असते, आणि दोघंही दुसऱ्याला झोप आली असेल म्हणून लवकर ठेवतो. कधी कधी फार आठवण येते त्याची.

"पहाटेच्या विमानाचे लोक तुझ्याकडेच उतरतात ना?" मी विषयावर आले.

मावशीच्या सुया थांबल्या. "उतरतात. झोपतात. जातात."

"कोण असतं चालवायला?"

"माणसं असतात. चहा घेशील?"

"मावशी, ते विमान बंद झालं तर तुझं लॉज बसेल. तुझी गच्ची शाळेला लागून. लोकर तुझी."

"माझे गुडघेही माझेच आहेत," ती म्हणाली. "पण तुला काहीतरी सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला शपथ आहे."

"कोणाची?"

वरून विमान आलं. मावशीने एक बोट वर केलं. शेपूट गल्लीचा हा रिवाज आहे. विमान आलं की बोलणारा शब्दाच्या मधोमध थांबतो, ऐकणारा थांबतो, हातातली कपबशीसुद्धा थांबते, आणि आवाज गेला की वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे चालू होतं. तान्ह्या मुलांनाही तेच वळण लागतं. बाहेरचे लोक थांबत नाहीत, ते ओरडतात.

विमान गेलं. मावशी म्हणाली, "दूध नाहीये. बिनदुधाचा चालेल?"

ताकास तूर लागू देईल तर शपथ. मी चहा न घेताच उठले. दारात पोचले तर मागून तिचा आवाज आला, "कानवाले, जे सापडेल ते मोडू नकोस हं."

४

राहिल्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे मांजरीवर दूध राखल्याचा आळ घेणं. विमानांच्या आवाजाविरुद्ध या शहरात कोणी भांडलं असेल तर त्याच. गच्चीवरचं यंत्रही त्यांच्याच उपोषणामुळे बसलं होतं. मी गेले ती खरं तर त्यांची मदत मागायला.

त्या आठवीला विज्ञान शिकवत होत्या. मी मागच्या बाकावर बसले. धडा ध्वनीचा होता. कापूस, रबर, लाकूड यांतून आवाज कसा जातो आणि कसा अडतो, हे त्या एका गजराच्या घड्याळावर दाखवत होत्या. तेवढ्या वेळात तीन विमानं आली. प्रत्येक वेळी खडू हवेत थांबला आणि सगळा वर्ग मिटलेल्या तोंडाने छताकडे बघत राहिला. तास संपला तेव्हा धडा अर्धाच झाला होता.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्या शाळेतली मुलं एका वर्षात जे शिकतात, त्याला आमच्या मुलांना दीड वर्ष लागतं. पण हुशार आहेत हो. फार हुशार आहेत."

वर्गातून बाहेर पडताना एक चिमुरडी माझा पदर ओढून म्हणाली, "ताई, पहाटेचं विमान आमच्या शाळेला डोळा मारतं."

"तुला काय माहीत?"

"आमचं घर समोरच आहे. मी उठते ना शूशूला. त्याचे दिवे असे मिटतात, परत लागतात." तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून उघडले.

"चल, घरी जा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा जास्तच कडक लागला.

त्यांच्या खोलीत भिंतभर वर्गांचे फोटो होते. मधोमध एक खिळा मोकळा, त्याच्याभोवती रंगाचा उजळ चौकोन. मी सगळं सांगितलं: धागा, पहाटेचा बसका सुळका, पुटपुटणं. बाई ऐकत होत्या. आश्चर्य वाटल्याचं त्यांनी तोंडाने सांगितलं, पण प्रश्न एकही विचारला नाही.

"तुमची किल्ली?"

"कपाटात असते. कपाट उघडंच असतं."

"बाई, तुमची मुलगी होती ना एक? माझ्या भावाच्या मागच्या वर्गात. ती काय करते आता?"

"ती?" बाईंनी टेबलावरचे खडू सरळ केले. "ती परदेशी असते. ती..."

विमान आलं. आम्ही दोघी थांबलो. काचा थरथरल्या, खडू पुन्हा वाकडे झाले. विमान गेलं.

"तपासणीला किती दिवस लागतील अजून?" बाईंनी विचारलं.

मी काहीतरी उत्तर दिलं आणि जिना उतरले. फाटकापाशी आल्यावर माझे पाय आपोआप थांबले. शेपूट गल्लीत जन्म काढलेल्या बाईने एक वाक्य अर्धं सोडून दिलं होतं.

५

घरी जाऊन मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. गॅसवर भात होता. विचार करायला भातासारखी सोबत नाही, तो घाई करू देत नाही.

पहिली गोष्ट, ते पुटपुटणं. बोलणं, थांबणं, विमान, पुन्हा बोलणं. टायवाला गच्चीवर असता तर विमानाच्या वर ओरडला असता. यंत्रवालाही बाहेरचा, तो तर मोबाईलशिवाय कोणाशी बोलत नाही. विमानासाठी वाक्य थांबवणारा चोर गल्लीतलाच होता. उरल्या दोघी, मावशी आणि मोठ्या बाई.

दुसरी गोष्ट मला जास्त छळत होती. चोर गोळ्यावरचं झाकण रोज काढून का नेत होता? नुसता आकडा खाली आणायचा असता तर एकदा घालून विसरून गेलं तरी चाललं असतं. फोम काळा, कोण वर जाऊन बघतंय? रोज घालायचं आणि रोज काढायचं म्हणजे पकडलं जायचा धोका रोज. मावशीला विमानं हवी आहेत, सगळीच हवी आहेत. पहाटेचं असो की दुपारचं, तिच्या खाटा भरल्या म्हणजे झालं. तिने झाकण काढलंच नसतं, शिवाय त्या गुडघ्यांनी तिने ना जिना चढला असता ना कठडा ओलांडला असता.

झाकण काढणाऱ्याला दिवसाचा आवाज यंत्रात खराखुरा नोंदला जायला हवा होता. शाळेच्या वेळेतला एकही सुळका बुडू नये, अशी त्याची तळमळ होती. आणि त्याच माणसाला पहाटेचं ते एकच विमान वाचवायचं होतं. विमानांचा एवढा द्वेष आणि एका विमानाची एवढी माया एकाच काळजात असलेलं माणूस मला शोधायचं होतं.

भात लागला. मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

शाळा सुटली होती. बाई आठवीच्या वर्गात एकट्याच फळा पुसत होत्या.

"टोपी कुठे आहे, बाई?"

फडकं दोन क्षण फळ्यावर तसंच राहिलं. मग त्यांनी खण उघडला आणि टोपी बाकावर ठेवली. निळी, लहान मुलीची, आतून शेकायची रबरी पिशवी कापून शिवलेली, मध्ये दाबून कापूस.

"ज्या विमानांनी माझी पोरं बहिरी केली, त्यातलंच एक चालवणार असशील तर या घरात पाऊल टाकू नकोस, असं म्हणाले मी तिला," बाई म्हणाल्या. "मुलगी माझीच. शब्दाला पक्की. नाही टाकलं."

मी खाली बाकावर बसले.

"फोटो काढून टाकला. वाटलं, जमेल. मग एका पहाटे झोप लागेना म्हणून घरातून उठून इथे शाळेच्या गच्चीवर आले होते. ते मालाचं विमान उतरायला आलं आणि बरोबर शाळेवर त्याचे दिवे मिटले, लागले, मिटले, लागले. लहानपणी ती पांघरुणातून टॉर्चने असंच करायची. मी अजून जागी आहे हं आई, म्हणून. दुसरं कोण करेल असं? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवसापासून मी रोज वर जाते. तिला दिसत नसेन, पण मी बोलते. काय जेवलीस, किती झोपलीस. पायलटला झोप पुरी लागते ना हो?"

"लागायला हवी."

"रेघ वर गेली की पहाटेचं विमान बंद. रेघ लावली कोणी? मी. माझ्याच हाताने माझ्या पायावर धोंडा." त्या हसल्या आणि ते हसू त्यांना धड पुरं करता आलं नाही. "दिवसाच्या विमानांचं मात्र एक अक्षर बुडवलं नाही मी. पहाटे मुलं शाळेत नसतात, असं मनाला सांगत राहिले."

"मुलं पहाटे याच गल्लीत झोपलेली असतात, बाई. त्या आवाजाखालीच."

"ठाऊक आहे मला."

"शेजाऱ्याचं बोट बघून बोट वर करतात आता."

"ठाऊक आहे म्हटलं ना! ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना मी पुढच्या बाकावर आणते. पुढचे बाक भरलेत आता." त्यांनी तोंडावर फडकं धरलं. खडूची भुकटी गालांना लागली. "मला माझं लेकरू दिवसातून एवढंसं भेटत होतं हो. एवढंसंच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं मला सुचलं नाही. पण शुक्रवार कोणासाठी थांबणार नव्हता. त्या परवानगीने पहाटेच्या एका विमानाची कितीतरी विमानं होणार होती.

"साहेबांना मी सांगू की तुम्ही सांगाल?" मी विचारलं.

बाईंनी टोपी उचलून छातीशी धरली आणि त्या वर्गाबाहेर गेल्या.

६

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. टायवाला नवा टाय लावून पहिल्या रांगेत. कंपनीचे लोक त्याच्या शेजारी. मावशी काठी टेकत आली होती. मोठ्या बाईंची खुर्ची रिकामी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. रेघ खोटी आहे हे मी त्यांना कळवलं होतं, खोटी कोणी केली ते नाही. त्यासाठी सुनावणीपर्यंत थांबा, असं मीच त्यांना म्हणाले होते. आता मला उठावंच लागणार होतं.

मी उठले, तेवढ्यात दार उघडलं.

बाई सरळ पुढे गेल्या. टोपी टेबलावर ठेवली आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. मुलीचं नाव काढलं नाही, पण कारण लपवलं नाही. मग म्हणाल्या, "या शहरात आपण सगळ्यांनी कोणाला ना कोणाला वर पाठवलंय. त्यांच्या ओढीने आपण विमानांना नाही म्हणत नाही. मीही म्हणू शकले नाही. पण जी मुलं अजून इथे आहेत, त्यांना इथे राहावंसं वाटेल असं काही आपण केलं नाही, तर एक दिवस इथे नुसती धावपट्टीच उरेल. पहाटेचं विमान गल्लीवरून बंद करा. माझा राजीनामा सोबत आहे."

कंपनीच्या लोकांनी आपसात कुजबुज केली. टायवाल्याने टाय सैल केला. साहेबांनी टोपी उचलून आतून-बाहेरून पाहिली आणि परत ठेवली. शेवटी त्यांनी निर्णय दिला: पहाटेचं विमान यापुढे दुसऱ्या टोकाकडून, मोकळ्या माळावरून उतरेल. नव्या फेऱ्यांना परवानगी नाही. कंपनी राहिली तर राहिली, आणि नाही राहिली तर विमानांवाचून जगायचं कसं हे शहराला एक दिवस शिकावंच लागणार होतं. राजीनामा त्यांनी न वाचता घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "सोमवारी शाळा आहे ना बाई?"

बाहेर पायऱ्यांवर आम्ही तिघी उभ्या राहिलो. बाई आभाळाकडे बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या.

"आता शपथ मोडते," मावशी एकदम म्हणाली. "बाई, तुमची लेक ते विमान आता चालवत नाही."

"काय?"

"पाच-सहा महिने झाले. तिला लांबच्या फेरीवर टाकलं. जाताना माझ्याकडे राहिली होती. तिच्या जागेवर जे आले त्यांना सांगून गेली, शाळेवर आलात की दिवे मिटवा, खाली माझी आई असते. त्यांची बदली झाली तर ते पुढच्यांना सांगतात. सहा तरी जण झाले असतील. माझ्या काउंटरवर येऊन विचारतात, मावशी, शाळा ती पिवळीच ना? एक म्हातारा पायलट तर म्हणाला, मी माझ्याही आईसाठी एकदा जास्त मिटवतो."

बाईंनी पायरीचा कठडा धरला.

"म्हणजे इतके दिवस मी परक्या माणसांना जेवलात का म्हणून विचारत होते?"

"हो."

"आणि तिला कसं कळलं, मी गच्चीवर असते ते?"

"मीच सांगितलं. माझ्या खिडकीतून दिसता तुम्ही. दर आठवड्याला फोन करते ती मला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून मला बांधून ठेवलंन्. तुम्ही पाऊल टाकू नको म्हणालात ना, मग आपण होऊन कशी येईल ती? तिलाही तुमचंच डोकं मिळालंय." मावशीने पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि बाईंच्या हातात दिला. "धरा. मला उभं राहवत नाही."

बाईंनी फोन कानाला लावला, तो चुकीच्या बाजूने. मी तो सरळ केला. पलीकडे घंटी वाजत होती. मला तीही ऐकू येत होती, एवढ्या जवळ मी उभी होते. मग कोणीतरी फोन उचलला. झोपेतून उठलेला, घाबरा, तरुण आवाज. फोन मावशीचाच असणार असं समजून आलेला.

"मावशी? अवेळी कसा केलास? आई बरी आहे ना?"

पायऱ्यांवर माणसं बाजूने उतरत होती, कोणी आमच्याकडे बघत नव्हतं.

"आई बरी आहे," बाई म्हणाल्या. "तू घरी कधी येतेस?"